शंकेला एक केळं

ज्ञानाची तहान माणसाला उपजतच असते, असं मोठ्या लोकांनी ठिकठिकाणी सांगून ठेवलं आहे. त्या मोठ्या लोकांपैकी कोणी दुपारच्या जेवणानंतर नंदुरबारच्या मिरची कारखान्यात कामगारांचा वर्ग घेतलेला नसावा. आमच्या अंबालालभाईंनी घेतला आहे. त्यांच्या अनुभवाप्रमाणे उपजत तहान असते ती चहाची. ज्ञानासाठी केळं द्यावं लागतं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. अंबालालभाईंच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्याला केळ्यांचा घड टांगलेला असतो. जो शंका विचारेल त्याला त्यातलं एक केळं तोडून मिळतं. जो बरोबर उत्तर देईल त्याला काही मिळत नाही.

“उत्तर पुस्तकमा बी सापडस,” ते म्हणतात. “शंका मानूसना पोटमाईन येस. तिले खावाले देनं पडस.”

केळी घरची असतात. अंबालालभाई पाटील हे तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले. शेती धाकटा भाऊ पाहतो आणि दर आठवड्याला मोटारसायकलच्या मागे एक घड बांधून थोरल्याकडे पोचवतो. आपली केळी जातात कुठे, हे त्या भावाला अजून नीट समजलेलं नाही. थोरला कंपनीतल्या साहेबांना केळी वाटतो आणि म्हणूनच नोकरीत टिकून आहे, अशी त्याची समजूत आहे. ज्या आठवड्यात वर्गात शंका येत नाहीत, त्या आठवड्यात केळी काळी पडतात आणि अंबालालभाईंचा चेहराही.

मी याच कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात आहे. माझं टेबल त्यांच्या वर्गाच्या दारासमोर येतं. त्यामुळे बॉयलरच्या सुरक्षेपासून नेतृत्वगुणांपर्यंत सगळे वर्ग माझ्या कानांवरून गेले आहेत. माझी हजेरी कोणी लावली नाही, पण ऐकणंही चुकलं नाही.

कारखाना आधी गावातल्या एका मारवाडी शेटजींचा होता. शेटजींच्या काळी शिक्षणाची पद्धत सुटसुटीत होती. कोणाचं काही चुकलं की शेटजी त्याच्याकडे बघायचे, आणि शेटजींनी बघितलं की माणूस शिकायचा. पुढे मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने कारखाना विकत घेतला आणि बघण्याची जागा ‘लर्निंग’ने घेतली. प्रत्येक युनिटमध्ये एक प्रशिक्षण समन्वयक हवा, असा हुकूम आला. मॅनेजर चौधरी साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलं, “हे काम कोण घेणार?” सगळे आपापल्या चपला पाहू लागले. तेव्हा वजनकाट्यावर बसणाऱ्या अंबालालभाईंनी हात वर केला. हे काम म्हणजे नेमकं काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि नेमणूक झाली. आमच्या कारखान्यात शंका विचारल्याबद्दल काही मिळण्याची ती पहिलीच वेळ.

वर्गासाठी खोली मिळाली ती जुन्या गोदामातली. मिरचीची पोती तिथून केव्हाच हलली, पण मिरची हलली नाही. ती भिंतीत, छतात, खिडकीच्या गजांत आहे. वर्गात आलेला माणूस थोड्याच वेळात डोळे पुसू लागतो. एकदा बाहेरगावचे पाहुणे दारातून डोकावले आणि भारावून निघून गेले. एवढं हृदयाला भिडणारं शिकवणं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं.

लोकांना वर्गात आणायचं कसं, यावर अंबालालभाईंनी जेवढा विचार केला आहे तेवढा मिरचीवर कोणी केला नसेल. आधी त्यांनी वर्गाच्या सुरुवातीला चहा ठेवला. लोक आले, चहा प्याले आणि गेले. मग चहा शेवटी ठेवला. लोक शेवटी आले. मग त्यांनी चहा वर्गाच्या मधोमध ठेवला आणि तो मध्य रोज बदलू लागले. कधी आगीच्या धड्याआधी चहा, कधी धड्यानंतर. चहा नेमका केव्हा येणार, हे कळेना म्हणून लोक बसून राहू लागले. बसलेल्या माणसाच्या कानावर काही ना काही पडतंच. कंपनीच्या पुस्तिकांत प्रोत्साहनाचे बरेच प्रकार दिलेले आहेत. हा त्यांत नाही.

अंबालालभाई स्वतः शिकायला कधीच थांबत नाहीत. उंच, किडकिडीत बांधा. सदऱ्याच्या खिशात खडू, त्यामुळे छातीवर कायम एक पांढरा डाग. दिसेल ते वाचायचं. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, बसच्या दारावरची सूचना, खताच्या गोणीची पाठ. वाचलं की लगेच शेजारच्याला सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, “शिकी ल्या भो, वाया नही जास.” हे वाक्य त्यांनी पहारेकऱ्याला ऐकवलंय, चहावाल्याला ऐकवलंय, आणि तपासणीला आलेल्या सरकारी बॉयलर निरीक्षकालाही ऐकवलंय. एका लग्नात तर मांडवामागे आचाऱ्याने गॅसच्या टाक्या चुलीला खेटून ठेवलेल्या त्यांना दिसल्या. त्यांनी तिथेच आचाऱ्याचा वर्ग सुरू केला. वऱ्हाडी मंडळी भोवती गोळा झाली. नवरदेवाने एक शंका विचारली. मुहूर्त टळला, पण टाक्या हलल्या. नवरीच्या बापाने पुढे कितीतरी दिवस अंबालालभाईंशी बोलणं टाकलं होतं. अंबालालभाईंचं म्हणणं एवढंच, की नवरदेवाची शंका चांगली होती.

कारखान्यातली मशीनवरची माणसं हळूहळू वर्गाला सरावली. कार्यालयातले आम्ही लोक शेवटपर्यंत लबाड राहिलो. खरी अडचण होती पथारीची.

पथारी म्हणजे कारखान्यामागचं मोठं उघडं मैदान. हंगामात तिथे लाल मिरची वाळत पडलेली असते, आणि टोळ्या बसून तिचे देठ खुडतात. त्यातली सगळ्यात जुनी टोळी खांडबाऱ्याकडची. सगळ्या बायाच. सकाळच्या गाडीने येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. मुकादम जमुनाबाई वळवी. ठेंगणी, ठसठशीत बाई. बोलायला कमी आणि ऐकून घ्यायला त्याहून कमी. पथारीवर सगळा कारभार टोळीचा असतो. काम टोळीला मिळतं आणि मुकादमाच्या नावावर लागतं. आलेला ढीग बाया आपसांत वाटून घेतात. ज्याला त्याला आपला वाटा. एखादीचा खाडा पडला तरी टोळी हजर असली की झालं. इथे हे इतकं जुनं आहे की याला नियम म्हणावं, असंही कोणाच्या मनात येत नाही.

“तुम्ही वर्गात या,” म्हणून अंबालालभाई सांगायला गेले, तेव्हा जमुनाबाईंनी मान वर केली नाही.

“खुडनं कोन करी?”

“चहा मिळस.”

“चहा आम्ही पीसन येल शेत.”

तेव्हा वर्गच पथारीवर गेला. कंपनीने दिलेले दोन टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंबालालभाई मिरचीच्या ढिगाशी जाऊन उभे राहिले.

“भाऊ, बोलानं व्हई ते बोला,” जमुनाबाई म्हणाल्या. “पन बठीसन बोला, आन हात रिकामा नका ठेवू. आठे बठनारानं देठ खुडनं पडस.”

ते बसले. त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत आमचे प्रशिक्षण समन्वयक रोज देठ खुडत होते आणि आग लागली तर काय करावं, ते सांगत होते. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच हातांनी डोळे चोळले. बायांनी त्यांना पाणी दिलं, ताक दिलं, आणि मिरचीच्या हातांनी काय करायचं नाही याचा एक छोटा वर्ग त्यांचा घेतला. त्यांनी त्यावर दोन शंका विचारल्या.

टॅबवर प्रश्न यायचा, भाई मोठ्याने वाचायचे, बाया आपसांत बोलून उत्तर ठरवायच्या, आणि मग उत्तरावर बोट टेकवायचं. पण बोटं मिरचीची. ती पडद्याला लावायला नको, म्हणून कोपर लावायचं. कंपनीच्या मुंबईतल्या संगणकावर जमा झालेली ती सगळी बरोबर उत्तरं कोपराने दिलेली आहेत.

हे सगळं सुरू होताना टॅबने नाव मागितलं होतं.

“नाव कोन्हं टाकू?” अंबालालभाईंनी विचारलं.

“बाईनं टाका ना,” सगळ्या म्हणाल्या. बाई म्हणजे जमुनाबाई. टोळीचं नाव दुसरं कोणाचं असणार? अंबालालभाई इथलेच. त्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन्ही टॅबवर एकच नाव लागलं.

हंगाम सरत आला तेव्हा मुंबईहून एकाच दिवशी दोन मेल आले. चौधरी साहेबांनी अंबालालभाईंना आणि, दारासमोर बसतो म्हणून, मला आत बोलावलं.

पहिल्या मेलमध्ये अभिनंदन होतं. कंपनीच्या सगळ्या युनिटांत मिळून सर्वांत जास्त शिकलेली कर्मचारी म्हणून नंदुरबारच्या जमुनाबाई वळवी यांची निवड झाली होती. त्यांनी एका हंगामात आगीपासून बचाव, मशीनच्या पट्ट्याजवळची सुरक्षा, धान्याची धुरी, तणावाचं व्यवस्थापन, ई-मेलचे शिष्टाचार आणि परदेशी ग्राहकाशी कसं वागावं इथपर्यंत सगळे कोर्स पूर्ण केले होते. काही तर एकाच वेळी, दोन वेगवेगळ्या टॅबवर. मुख्यालयातल्या साठे मॅडम स्वतः येऊन त्यांना ‘ज्ञानदीप’ चषक देणार होत्या.

दुसऱ्या मेलमध्ये असं होतं, की नंदुरबारच्या पथारीवर एवढ्या बाया असून शिकणारी कर्मचारी एकच आहे. मशीनवरच्या माणसांचे कोर्स झालेच आहेत, आणि उरलेल्या एका कर्मचाऱ्यासाठी वर्ग चालवणं परवडत नाही. तरी पुढच्या महिन्यापासून वर्ग बंद करावा आणि श्री. अंबालाल पाटील यांना पूर्वीच्या जागी, म्हणजे काट्यावर, पाठवावं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “भाई, यात काय अवघड आहे? सांगून टाका. सगळ्या टोळीने केलंय म्हणावं. वर्ग वाचेल.”

ते खडू हातात फिरवत उभे राहिले.

“मी सांगसू ते तिन्हं नाव कटी जाई.”

ते खरं होतं. दुसऱ्याच्या नावाने कोर्स करणं किंवा करू देणं हा कंपनीत गुन्हा होता. तसं घडलं तर बक्षीस रद्द, आणि त्या माणसाला कामावरून कमी करायचं. ‘कामातला प्रामाणिकपणा’ या कोर्समध्ये हे स्पष्ट शिकवलेलं आहे. टोळीने तो कोर्स जमुनाबाईंच्या नावावर पूर्ण गुणांनी पार केला होता.

“वर्ग गया ते मी काटावर बठसू,” ते म्हणाले. “काटा मन्हा जुना दोस्त शे. पन तिन्हं नाव माइकवर येनार शे. तिन्हा जलममा पहिल्यांदा. मी मधमा कशाले बोलू? तुम्ही बी बोलू नका. मन्ही आण शे.”

मी बोललो नाही. शपथांवर माझा फारसा विश्वास नाही, पण ज्या माणसाला मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं तो गप्प बसायचं ठरवत होता. त्याच्यापुढे आपण तोंड उघडावं असं वाटेना.

समारंभाचं सगळं चौधरी साहेबांनी हौसेने केलं. गोदामापुढे मांडव, शाल, नारळ, हार, समई. समईवरून मात्र वाद झाला. मिरचीची पूड जिथे हवेत उडते तिथे उघडी ज्योत चालणार नाही, असं अंबालालभाईंनी सांगितलं. “साहेब, हे तुम्हीच पास करेल शे,” ते म्हणाले. चौधरी साहेबांनी तो कोर्स कोणाकडून तरी पास करून घेतला होता, त्यामुळे ते फार बोलले नाहीत. शेवटी समई पेटवायची नाही, नुसती ठेवायची, असं ठरलं. तरीही अंबालालभाई लाल रंगाचं आग विझवण्याचं नळकांडं घेऊन पाहुण्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले ते शेवटपर्यंत. मॅडमना वाटलं, ही इथली स्वागताची पद्धत असावी.

साठे मॅडम तिशी-पस्तिशीच्या, बोलायला सरळ आणि मिरचीला नव्या. त्यांचे डोळे व्यासपीठावर चढतानाच पाणावले. त्यांनी थोडक्यात भाषण केलं. मग माइकवर नाव पुकारलं, “श्रीमती जमुनाबाई वळवी.”

पथारीवरच्या सगळ्या बाया खाली सतरंजीवर बसल्या होत्या. नाव ऐकून त्यांची पूर्ण रांग उठून उभी राहिली. नाव पुकारलं की टोळी उठते; त्यांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. जमुनाबाई पुढे झाल्या आणि बाकीच्या त्यांच्यामागे व्यासपीठाच्या पायऱ्यांशी येऊन थांबल्या. चौधरी साहेब हाताने “बसा, बसा” करत होते. कोणी बसलं नाही.

मॅडमनी शाल घातली, चषक हातात दिला आणि माइक पुढे धरला. “जमुनाबाई, एवढं सगळं एकटीनं कसं शिकलात, सांगा ना सगळ्यांना.”

मी अंबालालभाईंकडे पाहिलं. ते नळकांड्यावर काय लिहिलंय ते वाचत होते. ते त्यांना पाठ होतं.

“एकली?” जमुनाबाई म्हणाल्या. “एकली कशी करसू? आम्ही बठ्ठ्या जनीस्नी मिळीसन करं. नाव मन्हं शे, काम टोळीनं.”

चौधरी साहेबांनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या, पण त्या एकट्याच्याच निघाल्या.

मॅडमनी माइक खाली घेतला. “म्हणजे हे कोर्स तुम्ही केले नाहीत?”

“केले ना. वाटा पाडीसन केले.”

“वाटे?”

जमुनाबाईंना हा प्रश्न विचारण्यासारखा वाटला नसावा.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “आग लागली तर पहिलं काय करायचं?”

“ते सुमित्राना वाटानं शे.”

पायरीवरून सुमित्रा नावाची बाई पुढे झाली आणि तिने सांगितलं: आधी मेन बंद, मग ओरडायचं, मग माणसं बाहेर, सामान नाही.

“आणि पट्ट्यात साडीचा पदर अडकला तर?”

“शेवंतीना.”

शेवंतीने सांगितलं. पदर ओढायचा नाही, लाल बटण दाबायचं, आणि मुळात पदर खोचून यायचं. तिने स्वतःचा खोचलेला पदर दाखवला.

मॅडमच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली होती. “आणि ई-मेलचे शिष्टाचार?”

बायांनी मागे वळून पाहिलं. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “ते मन्हा वाटानं शे. पन माले आजून कोन्हं मेलच उनं नही.”

मांडव हसला. मॅडमही हसल्या, डोळे पुसत. मग त्यांनी विचारलं, आणि हे त्यांनी अगदी खरोखरच विचारलं: “पण सुमित्राबाई एखाद्या दिवशी आल्याच नाहीत, आणि त्याच दिवशी आग लागली तर?”

सुमित्राने जमुनाबाईंकडे पाहिलं. जमुनाबाईंनी शेवंतीकडे पाहिलं. हा विचार टोळीने केला नव्हता. ढिगाचा वाटा शेजारणीला उचलता येतो. आगीचा कसा उचलणार? सगळ्यांच्या माना एकदम खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळल्या.

अंबालालभाई नळकांडं घेऊनच पुढे आले.

“मॅडम, ही शंका बराबर शे,” ते म्हणाले. “एकदम बराबर. एवढ्याच्यासाठीच वर्ग पाहिजे.”

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक केळं काढून मॅडमच्या हातात दिलं. त्यांच्या दृष्टीने त्यात सत्काराचा भाग काहीच नव्हता. शंका आली होती. मॅडमनी ते केळं क्षणभर पाहिलं, सोललं आणि व्यासपीठावर उभ्या उभ्या खाल्लं. मिरचीने बेजार झालेल्या माणसाला केळं बरं पडतं, हे मला तेव्हा कळलं.

जमुनाबाईंचा चषक त्यांच्याकडेच राहिला आणि गुन्ह्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मॅडम दोन दिवस राहिल्या. प्रत्येक बाईच्या नावाचं वेगळं खातं त्यांनी स्वतः उघडून दिलं, आणि प्रत्येक कोर्स आता प्रत्येकीने करायचा असं ठरलं. वर्ग चालू राहिला. काट्याला दुसरा माणूस मिळाला.

याचा एक परिणाम कोणाच्या लक्षात आला नव्हता. मुंबईच्या संगणकात नंदुरबारला शिकणारी एक बाई होती, ती एका महिन्यात अख्खी पथारी झाली. आलेखाची रेघ जमिनीवरून सरळ छताला लागली. एवढी वाढ कंपनीने कुठे पाहिली नव्हती. मुख्यालयात त्यावर सादरीकरण झालं, त्याला ‘नंदुरबार पॅटर्न’ असं नाव पडलं, आणि दुसऱ्या राज्यांतल्या युनिटांतून माणसं तो पॅटर्न बघायला येऊ लागली. ती वर्गात बसतात, डोळे पुसतात आणि लिहून घेतात. त्यांच्या अहवालांत ‘सहभागातून सामूहिक सक्षमीकरण’ असे शब्द असतात. चहाचा मध्य रोज बदलतो, ही गोष्ट अजून एकाही अहवालात आलेली नाही.

मला भाषणं, चषक आणि पॅटर्न यांचं फारसं कौतुक नाही. पण यंदा हंगामाच्या सुरुवातीला अक्कलकुव्याकडची एक नवी टोळी पथारीवर आली. पाठीवरची बोचकी उतरवायच्या आधी त्यांच्या मुकादमाने मला विचारलं, “वर्ग केव्हा ऱ्हास?” मी त्याला वर्गाचं दार दाखवलं. ते दार दाखवताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे माझ्या मागाहून लक्षात आलं. दारावर अंबालालभाई पाटील अशी पाटी आहे, आणि ते माझ्या समोर बसतात, हे सांगताना आता माझा आवाज थोडा चढतो.

पाहुण्या मंडळींना मी एक गोष्ट मात्र सांगत नाही.

परवा माझ्या भाच्याला आणायला संध्याकाळी स्टेशनवर गेलो होतो. फलाटाच्या टोकाला खांडबाऱ्याची टोळी गाडीची वाट बघत बसली होती आणि मधोमध अंबालालभाई. त्यांचं घर स्टेशनच्या बरोबर उलट्या दिशेला आहे.

“इकडे कुठे, भाई?”

“उजळणी,” ते म्हणाले. “गाडी रोज लेट ऱ्हास. यांस्ना टाइम वाया जास.” आणि पुन्हा भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावू लागले. उजळणी करणारे ते एकटेच होते. बाया ऐकत होत्या, अधूनमधून एखादी शंका काढत होती, आणि भाई घास हातात धरून उत्तर देत होते.

मी जरा बाजूला झालो तेव्हा जमुनाबाई पाण्याची बाटली भरायला म्हणून उठून माझ्याजवळच्या नळावर आल्या.

“भाऊनं घर बंदच ऱ्हास,” त्या हळू म्हणाल्या. “चूल पेटस का नही, देव जाने. म्हनीसन आम्ही वाटा पाडेल शेत. रोज एक जनी त्यास्नी भाकर लई येस. आज शेवंतीना वाटा शे.” मग नळ बंद करून म्हणाल्या, “त्यास्ले वाटस, उरेल शे. सांगू नका.”

भाईंची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही मुलं सुरतेला स्थिरावली आहेत, चांगली आहेत, बोलावतात. गेल्या दिवाळीनंतर भाई त्यांच्याकडे राहायला म्हणून सामान बांधून गेले आणि आठवड्याच्या आत परत आले. काय झालं, म्हणून मी विचारलं होतं. “काही नही,” ते म्हणाले होते. “तठे बठ्ठास्ले बठ्ठं येस.” तिथे सगळ्यांना सगळं येतं, हे त्यांचं म्हणणं तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

गाडी आली. सगळ्या बाया चढल्या. भाई डब्याच्या खिडकीशी उभे राहून शेवंतीला काहीतरी समजावत होते आणि गाडी हलली तरी चार पावलं बरोबर चालत गेले. शेवंती मान हलवत होती. तिला ते आधीच येत असावं.

जाता जाता मी जमुनाबाईंना विचारलं होतं, तुमचा चषक घरी कुठे लावलाय? त्यांनी सांगितलं, त्याचेही वाटे पाडले आहेत. आठवड्याआठवड्याने घर बदलतो. ‘ज्ञानदीप’ चषक त्या आठवड्यात सुमित्राकडे होता. तिथे त्यात लसूण ठेवतात.